मुद्रित आवाजातील घरघर कशी काढतात?

आजीची गोष्ट तुम्ही मुद्रित केलीत. पण ऐकताना पंख्याची घरघरही ऐकू येते. ठरावीक कंप्रतांचे ध्वनी गाळून टाकले तर? घरघर अनेक कंप्रतांवर पसरलेली असते, आणि बोलणेही त्यांतल्याच कंप्रतांवर असते. सरसकट गाळले, तर आजीचा आवाजही जाईल.

दुकानदार तेल देताना आधी रिकामा डबा तोलतो आणि ते वजन एकूण वजनातून वजा करतो. येथेही तसेच करतात. बोलणे सुरू होण्यापूर्वीच्या भागात फक्त घरघर असते. तोच आपला रिकामा डबा. संगणक ध्वनीचे सुमारे २० ते ३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, प्रत्येकात कोणती कंप्रता किती प्रबल आहे ते मोजतो आणि त्यातून घरघरीचा सरासरी वाटा वजा करतो. उरलेल्यापासून पुन्हा ध्वनी तयार होतो. स्टीव्हन बोल यांनी या पद्धतीवरील निबंध १९७९ साली प्रसिद्ध केला.

मात्र डब्याचे वजन बदलत नाही. घरघर क्षणोक्षणी कमीजास्त होते. त्यामुळे वजाबाकीनंतर बारीक किणकिण उरते. ती घालवण्यासाठी अधिक वजा करावे, तर ‘स’, ‘फ’ यांसारखे क्षीण उच्चार पुसले जातात. ‘सात’चे ‘आत’ ऐकू येते!

म्हणून शक्यतो पंखा बंद करा, माइक आजीजवळ ठेवा. ते जमत नसेल, तर गोष्टीपूर्वी पाच सेकंद सर्वांनी गप्प राहा. आणि मूळ मुद्रण जपून ठेवा. पुसला गेलेला ‘स’ परत मिळत नाही.