डांबरी सडक व खडीची वाट : दोन्हींस चालणाऱ्या सायकलीची निवड व निगा

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं आपल्या बंधूंसह बेळगांवांत जें दुकान काढलें, तें सायकलींचें होतें. कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर हीं मागाहून आलीं, आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना त्यानंतर, म्हणजे १९१० सालीं, वसला. सायकलीपासून आरंभ झालेला उद्योग शेवटीं शेतकऱ्याच्या नांगरापर्यंत पोंचला, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे शेतकीच्या मासिकांत सायकलीचा विषय कोणास परका वाटूं नये.

आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगणांत मोटारसायकल उभी असते, हें खरें. तथापि दूध घालावयास जाणें, मळ्यावर फेरी मारणें, मुलामुलींनीं शाळा गांठणें, अशा लहान खेपांस सायकलीइतकें स्वस्त वाहन दुसरें नाहीं. अडचण एवढीच कीं, आपली वाट एकजात नसते. घरापासून कांहीं अंतर मुरूम, पुढें उखडलेली खडी, नंतर डांबरी सडक, आणि पावसाळ्यांत मध्येंच काळ्या जमिनीचा चिखल. या सर्वांवर चालेल अशी सायकल कोणती, व घेतल्यावर ती पुष्कळ वर्षें कशी टिकवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सायकल कामानें थोडी झिजते, दुर्लक्षानें फार झिजते, हें यांतील मुख्य सूत्र वाचकांनीं प्रथमच लक्षांत ठेवावें.

१. सायकलीची जात

जुनी काळी सायकल सर्वांच्या परिचयाची आहे. सांगाडा दणकट, वजन सुमारें २० किलो, आणि गियर नसल्यामुळें बिघडण्यासारखें थोडें. तिची उणीव चढावर दिसते. पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दांते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. सपाटीवर हें ठीक आहे. परंतु दुधाच्या दोन किटल्या लादून खडीचा चढ लागला म्हणजे पायांत तेवढा जोर उरत नाहीं, व माणूस उतरून चालूं लागतो.

अमेरिकेंत आयोवा, कॅन्सस वगैरे शेतीप्रधान प्रांतांत शेतांच्या कडेनें जाणारे खडीचे रस्ते दूरवर पसरलेले आहेत. याच रस्त्यांवर सायकलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यती सुरू झाल्या : आयोवांत २००५ सालीं, व कॅन्ससमधील एम्पोरिया येथें २००६ सालीं. हलक्या सायकलीस रुंद टायर, चढास सोपे गियर व चिखलांतही धरणारे ब्रेक जोडून जी जात पुढें वाढीस लागली, तिला ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीची सायकल, असें नांव पडलें. शेतरस्त्यांवरच ती वाढली असल्यामुळें आपल्या वाटांसही ती मानवते. शर्यतीचें खालीं वळविलेलें हँडल आपणांस अवश्य नाहीं. सरळ हँडलाची, मडगार्ड व कॅरियर बसतील अशी, याच अंगाची सायकल मिळते, व तीच रोजच्या कामास बरी.

२. घेतांना काय पाहावें

(अ) टायर. रुंदी ३८ ते ४५ मिलिमीटर असावी. याहून अरुंद टायर खडींत रुततो. फार रुंद टायर सडकेवर जड जातो. टायरच्या कडेवर ‘४०-६२२’ अशा धर्तीचे आंकडे उठविलेले असतात. पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा टायर रिमवर बसतो तेथील व्यासाचा; दोन्ही मिलिमीटरमध्यें. काळ्या सायकलीचा टायर ‘२८ × १ १/२’ या नांवानें विकला जातो व त्याचा व्यास ६३५ असतो. ‘२८ × १.५०’ या नांवानें मिळणारा टायर मात्र ६२२ व्यासाचा असतो. बोलतांना दोन्ही ‘अठ्ठावीस-दीड’च, पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाहीं. यास्तव टायर आणण्यास माणूस धाडतांना नांव न सांगतां हे दोन आंकडे कागदावर लिहून द्यावे.

(आ) गियर. पुढें ४० दांत्यांचें एकच चक्र व मागें सर्वांत मोठें चक्रही ४० दांत्यांच्या आसपास असलें, तर चढावर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें २.२ मीटर पुढें जाते. म्हणजे काळ्या सायकलीच्या निम्म्याहून कमी जोरांत तोच चढ चढतां येतो. मागें आठ-नऊ चक्रें पुरेशीं आहेत. चक्रांची संख्या वाढली कीं साखळी अरुंद व महाग होत जाते.

(इ) ब्रेक. रिमवर दाबणारे ब्रेक चिखलांत वाळूसह घांसून रिमच खातात. चाकाच्या मध्याशीं बसविलेल्या तबकडीस धरणारे डिस्क ब्रेक अशा वेळीं चांगलें काम देतात. त्यांतही तारेनें ओढले जाणारे घ्यावे. कारण तार तालुक्याच्या दुकानांत मिळते. तेलाच्या नळीचे ब्रेक जोरकस खरे, पण त्यांत हवा शिरली कीं जाणता कारागीर शोधावा लागतो.

(ई) सांगाडा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभें राहिलें असतां आडवी नळी अंगास लागूं नये. टायर व मडगार्ड यांमध्यें बोटभर तरी जागा असावी, नाहीं तर काळी माती तेथें घट्ट बसून चाक धरून ठेवते. कॅरियरवर किती वजन चालेल हें बहुधा त्यावरच लिहिलेलें असतें. त्याची मर्यादा ओलांडूं नये. बैठकीची उंची अशी ठेवावी कीं, पायडल अगदीं खालीं असतांना त्यावर टांच टेकवली तर गुडघा सरळ व्हावा.

३. हवा व पंक्चर

सुमारें ७० किलो वजनाच्या माणसानें ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरांत डांबरी सडकेकरितां ४५ ते ५० पौंड व खडीकरितां ३५ ते ४० पौंड हवा ठेवावी. मागील चाकावर भार अधिक असतो, म्हणून त्यांत तीन-चार पौंड जास्त, व कॅरियरवर ओझें असल्यास त्याहूनही जास्त. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधींही ओलांडूं नये. खडीवर दगडासारखी कठीण हवा भरल्यानें चाक उसळतें, पकड सुटते व तारा सैल होतात.

ट्यूब काढल्यावर छिद्र पाहून कारण ओळखावें. एकच बारीक छिद्र असेल तर बाभळीचा कांटा. शेजारीं शेजारीं दोन चिरा असतील तर दगडावर रिम आदळून ट्यूब चेंगरली, म्हणजे हवा कमी होती. ठिगळ लावण्यापूर्वीं जुन्या कापडाचा बोळा टायरच्या आंतून फिरवावा. जेथें धागा अडकेल तेथें कांट्याचें टोंक राहिलेलें असतें. हें न केल्यास दुसरें पंक्चर घरीं पोंचण्यापूर्वींच होतें. ट्यूब कानशीनें खरवडून सोल्यूशन लावावें व तें ओलें असतांना ठिगळ न चिकटवितां थोडें सुकूं द्यावें.

बाभळीचा भाग असेल तर ट्यूबशिवाय चालणारे टायर व त्यांत घालण्याचा चिकट द्राव यांचा उपयोग होतो. द्राव बारीक छिद्र आपोआप बुजवितो. पण तो आंतल्या आंत सुकतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनीं तपासून भर घालावी. उन्हाळ्यांत तो लवकर सुकतो.

४. साखळी

सायकलीचा सर्वांत अधिक खर्च साखळीच्या हयगयीनें होतो. आपणांकडे पुष्कळजण साखळीवर एंजिनांतील जळकें तेल ओततात. तेलानें साखळी काळी व ओलसर दिसते, व मालकाचें समाधान होतें. परंतु त्या तेलांत धातूचा कीस आधींच असतो, आणि वाटेवरील धूळ त्यास चिकटली कीं कानशीसारखें काम करणारा लगदा तयार होतो. गाडीच्या आंसास वंगण घालण्यापूर्वीं जुनें मळकट वंगण आपण पुसून काढतों. तोच नियम येथें आहे.

रीत पुढीलप्रमाणें. फडक्यावर थोडें घासलेट किंवा डिझेल घेऊन साखळी पुसावी व कोरडी होऊं द्यावी. नंतर प्रत्येक सांध्याच्या रुळावर सायकलीच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा, पायडल उलट फिरवावें, आणि कोरड्या फडक्यानें वरचें सर्व तेल पुसून टाकावें. तेल सांध्याच्या आंत हवें. बाहेर राहिलेलें केवळ धूळ गोळा करतें. ब्रेकच्या तबकडीवर तेलाचा थेंबही पडूं देऊं नये.

साखळी झिजली किंवा नाहीं हें फूटपट्टीनें कळतें. साखळीच्या एका खिळ्यापासून पुढील खिळ्यापर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतें. म्हणून नव्या साखळींत २४ सांध्यांचें माप ठीक १२ इंच भरतें. साखळी ताणून एका खिळ्याच्या मध्यावर पट्टीचें टोंक धरावें. चोविसावा सांधा १२ इंचांच्या पुढें १/१६ इंच गेला असेल तर साखळी बदलावी. चक्रें बहुधा शाबूत असतात. तो १/८ इंच गेला असेल तर लांबलेल्या साखळीनें दांतेही खाल्लेले असतात, व मागील चक्रांचा सर्व संच बदलावा लागतो. एका साखळीच्या किंमतीसाठीं चालढकल केली कीं खर्च कित्येक पटींनीं वाढतो तो असा.

५. ब्रेक

याबाबत प्रस्तुत लेखकास जी शिकवण मिळाली ती फुकट मिळाली नाहीं. एका भाद्रपदांत पहाटे दुधाच्या दोन किटल्या घेऊन मी ओढ्याकडील उतारावरून जात होतों. पुढील ब्रेकची मूठ कांहीं दिवस हातास नरम लागत होती. तार लांबली असेल असें समजून मी पेंच आवळून वेळ भागविली होती. उताराच्या मध्यावर मूठ एकाएकीं हँडलास जाऊन टेकली. मागच्या ब्रेकवर ओझ्यासह सायकल आवरेना. समोरून शाळेचीं दोन पोरें येत होतीं, म्हणून मीं सायकल बांधावर घातली. दूध सांडलें, मनगट महिनाभर बांधून ठेवावें लागलें. मागाहून पाहतों तों मुठीच्या आंत, जेथें तारेचा गोळा बसतो तेथें, तार एकेक धागा तुटत आली होती. बाहेरून कांहींच दिसत नव्हतें. मूठ दाबून आंत डोकावलें असतें तर पहिल्याच दिवशीं तें कळलें असतें. दोष सायकलीचा नव्हता, माझा होता.

यास्तव नियम असा : मूठ नरम लागली कीं पेंच आवळण्यापूर्वीं तारेचीं दोन्ही टोंकें डोळ्यांनीं पाहावीं. एक धागा जरी तुटलेला दिसला तरी तार त्याच दिवशीं बदलावी. डिस्क ब्रेकच्या गुटक्यांवरील घांसणारा थर एक मिलिमीटरपर्यंत उतरला कीं नवे गुटके घालावे. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम व हळूहळू धरावे.

६. चिखल, पाणी व खतें

ओल्या काळ्या जमिनींत कोणतीही सायकल चालत नाहीं. तेथें उतरून ती उचलून न्यावी, जोर करूं नये. घरीं आल्यावर चिखल ओला असतांनाच साध्या पाण्यानें धुवावा. फवारणीच्या पंपाच्या जोरदार धारेनें धुणें मात्र फार अनिष्ट. ती धार चाकाच्या मध्यांतील छर्ऱ्यांपर्यंत पोंचून ग्रीस घालविते व पाणी आंत ठेविते.

सायकल खतांच्या खोलींत उभी करूं नये. युरिया, पोटॅश वगैरे खतें हवेंतील ओल शोषून घेतात व लोखंड गंजवितात. मोरचुदाचें पाणी ॲल्युमिनियम खातें. द्राक्षबागाईतदारांनीं बोर्डो मिश्रण कॅरियरवरून नेल्यास सांडलेलें तत्काळ धुऊन काढावें.

पायडल काढण्याचा प्रसंग आल्यास इतकें लक्षांत असावें कीं, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. तें घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविलें म्हणजे सुटतें. हें ठाऊक नसल्यानें जोर करून कित्येकांनीं आटे खराब केले आहेत.

७. निगेचा क्रम

रोज निघतांना : दोन्ही ब्रेक दाबून पाहणें, टायर अंगठ्यानें चेंपून पाहणें.

आठवड्यास : हवा मोजणें, साखळी पुसून तेल देणें. पावसाळ्यांत भिजल्यावर तेंच काम त्याच दिवशीं.

महिन्यास : फूटपट्टीनें साखळी मोजणें, ब्रेकच्या तारा व गुटके पाहणें, चाकाच्या तारा बोटानें छेडून सैल तार ओळखणें, कॅरियर व मडगार्ड यांचे पेंच आवळणें. सैल तार आपण न पिळतां कारागिराकडून चाक सरळ करून घ्यावें.

वर्षांतून दोनदां : मृगापूर्वीं मडगार्ड, ब्रेक व टायर यांची पूर्ण तपासणी, आणि पावसाळा सरल्यावर चाकें, हँडल व पायडल यांतील छर्रे उघडून जुनें ग्रीस काढून नवें भरणें. खंडेनवमीस आपण नांगर-कुळव धुऊन पुसून पूजेस मांडतों. त्याच्या आदल्या आठवड्यांत हें काम उरकल्यास विसर पडत नाहीं.

घरांत सायकल बहुतकरून मुलें वापरतात, व मोडली तर दुरुस्त मोठ्यांनीं करावी अशी चाल आहे. ती बदलावी. शाळेस जाणाऱ्या मुलास अथवा मुलीस ब्रेकची तार कोठें पाहावी व साखळीस तेल कसें द्यावें, एवढें तरी एका रविवारीं जवळ बसवून शिकवावें. उतारावर ब्रेक गेला तर त्या वेळीं आपण तेथें नसतों.