फेफरे आणि आयुष्याचा ताळेबंद

एकाच आकड्यावरून पेढीची खरी स्थिती कळत नाही, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवले जाते. फेफऱ्याच्या, म्हणजेच अपस्माराच्या, रोग्याचेही तसेच आहे. वर्षात झटके किती आले हे डॉक्टर लिहून घेतात. पण उरलेल्या दिवसांचा हिशेब कोण ठेवतो?

आमच्या शेजारचे एक दादा सिल्वासातील एका कारखान्यात कामाला होते. दोन वर्षांत एकच झटका आला, तोही घरी. तरी काम गेले आणि लग्नाची बोलणीही मोडली. झटक्यांच्या खात्यात नोंद १. नुकसान मात्र केवढे! आणि असे रोगी विरळा नाहीत. मुंबईच्या पारशी वसाहतींतील १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर हजारी ४.७ जणांना हा विकार आढळला होता.

हे नुकसान मोजण्यासाठी अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात 'क्वोली-३१' ही ३१ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. तिचे ७ भाग असे: झटक्याची धास्ती, एकूण जीवनमान, मनःस्थिती, उत्साह व थकवा, स्मरण व एकाग्रता, औषधांचे परिणाम आणि सामाजिक व्यवहार. प्रत्येक भागास ० ते १०० गुण. गुण जास्त तितकी स्थिती बरी.

एकूण गुण काढण्याची रीत आपल्या परिचयाची आहे, ती म्हणजे भारित सरासरी. स्मरण व एकाग्रतेचा भार ०.२७, सामाजिक व्यवहाराचा ०.२१, तर धास्तीचा केवळ ०.०८. म्हणजे धास्तीचे गुण २० ने सुधारले तर बेरीज १.६ ने वाढते. स्मरणाचे तितकेच सुधारले तर ५.४ ने. झटके थांबले म्हणजे सारे भरून आले असे नव्हे, हे यावरून दिसते.

परंतु मापही तपासून घ्यावे लागते. या प्रश्नावलीत वाहन चालवण्याविषयी विचारले आहे, लग्नाविषयी नाही. आपल्याकडे तर हिंदू विवाह कायद्यातच वारंवार येणारे फेफरे ही अडचण मानली होती. ते शब्द १९९९ च्या दुरुस्तीने गेले. भाषेचा प्रश्न निराळाच. मराठीत फेफरे, हिंदीत मिरगी, आमच्या घरच्या कानडीत 'मूर्छे रोग'. म्हणून प्रश्नांचे भाषांतर करून ते दुसऱ्याकडून उलट मूळ भाषेत आणून ताडून पाहतात. सिल्वासात तर गुजराती व वारलीचाही विचार करावा लागेल.

मित्रहो, कुणाला झटका आला तर कांदा वा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा व शेजारी थांबा. आणि दुसऱ्या दिवशी "पुन्हा आला का?" एवढेच न विचारता "कामावर जाता ना?" हेही विचारा. खरा हिशेब तेथून सुरू होतो.