केर कोणी भरावा?

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीच्या तीरावर वसलेले जुने गाव. या गावाच्या जुन्या वस्तीत एके काळी दिवसाची सुरुवात कोंबड्याच्या आरवण्याबरोबरच खराट्याच्या आवाजाने होत असे. अजून नीट फटफटले नाही तोच घरोघरीच्या स्त्रिया उठत, अंगण झाडीत, त्यावर सडा घालीत आणि ओल्या जमिनीवर रांगोळीच्या चार रेघा ओढीत. मग पाळी घरातल्या केराची. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि देवघर अशा क्रमाने केरसुणी फिरे. केर सुपलीत भरला जाई आणि उकिरड्यावर टाकला जाई. सायंकाळी दिवेलागणीपूर्वी हाच क्रम पुन्हा एकदा होई. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस यात खंड नसे. सणावारी काम कमी न होता उलट वाढे.

मराठवाड्यातील जुन्या घरांची बांधणी पाहिली म्हणजे या कामाचा बोजा ध्यानात येतो. त्या घरांवर माळवद असे. लाकडी तुळयांवर फळ्या घालून त्यांवर मातीचा जाड थर दाबून बसवीत. वैशाखातल्या उन्हात असे घर गार राहते, हा त्याचा मोठा गुण. परंतु फळ्यांच्या फटींतून माती सारखी झडत राहते, हा तितकाच मोठा दोष. खालची जमीन शेणाने सारवलेली असे. चार दिवसांत तिचे पोपडे निघू लागत. बाहेरून काळ्या मातीची धूळ येई आणि ज्वारीची खळी झाली की भुसाही उडून येई. सकाळी लख्ख झाडलेले घर दुपारपर्यंत पुन्हा मळून जाई. केर काढणे हे असे विलक्षण काम आहे, की ते केल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. केले नाही तर मात्र सर्वांच्या लक्षात येते.

या कामाचे साधन मात्र फार मानाचे. शिंदीच्या पानांची केरसुणी ही लक्ष्मी समजली जाते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. तिला चुकून पाय लागला तर नमस्कार करतात. ही केरसुणी परंपरेने मातंग समाजातील कारागीर बांधीत आले. शिंदीची पाने चिरणे, वाळविणे, त्यांचा मुठा आवळून बांधणे, या सर्वाला कसब लागते. घडविलेल्या वस्तूला देव्हाऱ्यापाशी स्थान आणि घडविणाऱ्याला मात्र गावकुसाबाहेर जागा, असा विपरीत न्याय त्या काळच्या समाजाने चालविला होता.

दिवे लागल्यावर केर काढू नये, काढल्यास लक्ष्मी घराबाहेर जाते, असा एक समज आहे. त्याचा उलगडा कठीण नाही. समईच्या मंद उजेडात नाकातली चमकी किंवा एखादे नाणे केराबरोबर बाहेर गेले, तर ते कोणाला दिसणार?

याच गंगाखेडात तेराव्या शतकात संत जनाबाईंचा जन्म झाला. लहानपणीच वडिलांनी त्यांना पंढरपूरला दामाशेटींच्या घरी नेऊन ठेवले. संत नामदेव हे या दामाशेटींचे पुत्र. त्या मोठ्या कुटुंबाचे दळण, कांडण, पाणी भरणे, धुणे आणि झाडलोट यांत जनाबाईंचे आयुष्य गेले. त्या स्वतःला नामदेवांची दासी म्हणवीत. आज गंगाखेडला गोदावरीच्या काठी त्यांचे मंदिर आहे.

जनाबाईंच्या अभंगांत एक गोष्ट फार वेगळी आहे. देवाने आपणास धनदौलत द्यावी, असे त्यांत मागणे नाही. त्यांचा विठ्ठल कामाला हात लावतो. तो जात्याच्या खुंट्याला हात घालतो, गोवऱ्या वेचू लागतो, धुणे धुऊ लागतो. जनी झाडू लागली की गोळा झालेला केर भरून नेण्याचे काम तो आपल्याकडे घेतो. त्रैलोक्याच्या नाथाला सुपली घेऊन वाकायला लावणारी ही कल्पना एखाद्या राजकवीला सुचली नसती. रोज केर काढून जिची पाठ भरून येते, तिलाच ती सुचू शकते. तिला हवा होता तो कामातला सोबती. आणि त्या काळी दासीला असा सोबती माणसांमध्ये मिळणे दुरापास्त होते.

पुढे सुमारे साडेपाचशे वर्षांनी या कामात यंत्राचा हात लागला. १९०१ साली लंडन शहरात ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने धूळ साफ करणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र जोराने हवा फुंकी. त्यामुळे धूळ उडे खरी, पण बरीचशी पुन्हा खालीच बसे. फुंकण्याऐवजी धूळ ओढून का घेऊ नये, असे बूथने विचारले. ते अशक्य आहे, असे त्याला उत्तर मिळाले. काही दिवसांनी एका उपाहारगृहात बसला असता त्याने खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावून जोराने श्वास आत ओढला. त्याचा जीव अर्थातच गुदमरला. परंतु मधे धरलेल्या रुमालावर धुळीचा काळा ठसा उमटला होता, आणि त्याला हवे ते उत्तर मिळाले होते.

बूथचे यंत्र घोडागाडीवरून नेत. गाडी रस्त्यात उभी राही आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ साली राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे या यंत्राने साफ झाले. यंत्रातील युक्ती साधी होती. पंपाने आतील हवा काढून घेतली की तेथील दाब कमी होतो. बाहेरची हवा त्या बाजूस धावते आणि जाताना धूळ बरोबर नेते. वाटेत कापडाची गाळणी ठेवली की हवा निघून जाते व धूळ अडकून राहते.

हे अवजड यंत्र हातात मावेल इतके लहान केले ते कोणा शास्त्रज्ञाने नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानात झाडलोटीचे काम करी. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार होई. १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, एक खोके, झाडूचा दांडा आणि धूळ साठविण्यासाठी उशीचा अभ्रा एवढ्या सामानातून एक यंत्र जुळविले. पुढील वर्षी त्याला त्याचे एकस्व मिळाले. हूव्हर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतले, आणि यंत्र जगभर गेले ते हूव्हरच्या नावाने. केर काढणाराचे नाव मागे राहावे, हे येथेही चुकले नाही.

तरीही हे यंत्र कोणीतरी ढकलावे लागे. स्वतः फिरणारे यंत्र बाजारात यायला एकविसावे शतक उजाडले. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ साली ‘ट्रायलोबाइट’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. वटवाघळाप्रमाणे ते माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून अडथळे ओळखी. २००२ साली अमेरिकेतील आयरोबॉट कंपनीचा ‘रूम्बा’ आला. त्याची रीत मुंगीसारखी होती. घराचा नकाशा त्याला ठाऊक नसे. थोडे गोल फिरावे, भिंतीला धडकले की वळावे, पुन्हा पुढे जावे, अशा साध्या नियमांनी तो बहुतेक जमीन झाडून काढी.

आजचे यंत्र त्याहून शहाणे आहे. पोळपाटाहून थोडे मोठे, चपटे आणि गोल असे त्याचे रूप. उंची साधारण वीतभराहूनही कमी, म्हणून पलंगाखाली ते सहज शिरते. बाजूचा छोटा ब्रश कोपऱ्यातला केर मध्यभागी लोटतो, पोटाखालचा लाटण्यासारखा ब्रश तो उचलतो आणि पंखा तो डब्यात ओढून घेतो. अनेक यंत्रांच्या डोक्यावर लेसर किरण फिरत असतो. तो भिंतीवर आपटून परत येतो. त्यावरून भिंत किती दूर आहे ते यंत्र ताडते आणि साऱ्या घराचा नकाशा तयार करते. या लेसरला दिव्याची गरज नसते. म्हणजे दिवेलागणीनंतर केर काढू नये हा नियम त्याने मोडला, तरी त्याला काही अडत नाही. चमकी सांभाळण्याची काळजी मात्र जुनीच राहते. बॅटरी उतरू लागली की ते आपण होऊन आपल्या जागी परतते.

पायरीवरून ते कोसळत नाही, याचे कारण त्याच्या पोटाशी असलेले संवेदक. ते खाली अवरक्त किरण सोडतात. जमिनीवरून किरण परत आले तर पुढे वाट आहे. परत आले नाहीत तर पुढे खड्डा आहे, असे समजून यंत्र मागे फिरते. गंमत अशी, की काळा रंग हे किरण शोषून घेतो. जेथे काळ्या फरशीचा पट्टा बसविलेला असतो, तेथे काही यंत्रे जणू विहिरीच्या काठाशी आल्यासारखी थबकतात आणि हटकून परततात.

असे यंत्र गंगाखेडच्या एखाद्या घरात आणले, तर काय घडेल? करड्या शहाबादी फरशीवर ते मजेत फिरेल. उंबरठ्यापाशी त्याची पहिली परीक्षा. बहुतेक यंत्रांना बोटभर उंचीचा अडथळा ओलांडता येतो. जुन्या घराचा भक्कम लाकडी उंबरठा त्यांना डोंगराएवढा. म्हणून त्यांना उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवावे लागेल. सारवलेल्या जमिनीवर ते चालवू नये हे बरे. ते पोपड्यांनाच केर समजेल. देवघरापुढील रांगोळी आणि फरशीवर सांडलेले पीठ यांत त्याला काहीच भेद दिसत नाही. घरच्यांनी नकाशावर तेवढी जागा वगळून ठेवली नाही, तर सकाळी काढलेली रांगोळी दहा वाजता डब्यात.

तेव्हा यंत्र सुरू करण्याआधी घराची आवराआवर करावी लागते. जमिनीवर लोळणारी वायर, सतरंजीचे गोंडे, लहान मुलांचे मोजे, दप्तराचे पट्टे, सारे वर उचलावे लागते. कोठे पाणी सांडले असेल तर ते पुसावे लागते. हे सर्व झाले म्हणजे यंत्र आपले आपण घर झाडते. पूर्वी झाडताना वाकावे लागे. आता झाडण्यापूर्वी वाकावे लागते. तरी पाठीचे श्रम पुष्कळ वाचतात, हे कबूल केलेच पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा दम्याच्या रुग्णाला हा मोठाच आधार आहे.

परंतु यंत्र आले म्हणजे घरातील स्त्रीचे काम संपले, असे समजणे घाईचे होईल. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार विदुषीने १९८३ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात तिने दाखविले, की यंत्रे आल्यावरही गृहिणीचे श्रम अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. पूर्वी जड गालिचे कधीमधी बाहेर काढून काठीने झोडपीत. त्या कामाला पुरुष आणि मुलगेही हात लावीत. धूळ ओढणारे यंत्र घरात आले, तसे ते काम ‘सोपे’ झाले. आणि सोपे झाले म्हणून ते एकट्या स्त्रीवर येऊन पडले. शिवाय स्वच्छतेची अपेक्षाही वाढली.

आपल्या देशातील स्थितीही पाहण्याजोगी आहे. २०१९ साली भारत सरकारने लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यातही दिवसभरात काही ना काही घरकाम करणारे पुरुष शंभरांत सुमारे सव्वीसच निघाले, स्त्रिया एक्याऐंशी. ज्या महाराष्ट्रात संत गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) हाती झाडू घेऊन गावेच्या गावे झाडली, तेथेही घरातला झाडू पुरुषाने उचलला तर शेजारी हसतात, ही नवलाची गोष्ट आहे.

आणखी एका स्त्रीचा विचार येथे राहून जाता कामा नये. चार घरची झाडलोट करून जी आपला संसार चालविते, तिच्या दृष्टीने या यंत्राचा अर्थ निराळा आहे. एका घरात यंत्र आले, की तिचे एक घर सुटण्याची भीती. अशा कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. घरकाम हेही काम आहे आणि ते करणारी व्यक्ती कामगार आहे, हे त्यामुळे कायद्याच्या भाषेत नोंदले गेले. जनाबाईंच्या काळी अशी नोंद घ्यावी, असे कोणाला वाटलेही नव्हते.

यंत्राचे काम संपले की ते मुकाट्याने आपल्या जागी जाऊन बसते. त्याच्या डब्यात मुठीएवढा केर असतो: काळी माती, केस, रांगोळीची पूड, ज्वारीचा एखादा दाणा. काही महागड्या यंत्रांत हा केर आपोआप मोठ्या पिशवीत ओढला जातो. पण पिशवी भरली की ती बदलायला माणूसच लागतो. इतर यंत्रांचा डबा रोज काढून रिकामा करावा लागतो. ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीने कापून ओढावे लागतात. गाळणी झटकावी लागते, आणि सकाळी घंटागाडी दारात आली की केर तिच्यात नेऊन टाकावा लागतो. सारे मिळून दहा मिनिटांचे काम. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ते सहज येते.