आधी डबा, मग लेन्स

कॅमेरा कोणता घेतलास ते सांगायला तू भर दुपारी फोन केलास, पण तो ठेवणार कुठे, हे काही बोलली नाहीस. रत्नागिरीत राहायचं आणि कॅमेरा बाळगायचा तर पहिला प्रश्न तोच असतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पापड सादळतात, चपलांवर पांढरं धरतं, आणि हवेतला दमटपणा 85-90 टक्क्यांच्या खाली यायचं नाव घेत नाही. लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला 60-65 टक्के दमटपणा काही आठवडे टिकला तरी पुरतो.

लग्नाच्या फोटोंच्या धंद्यात माझे केस पिकले, म्हणून हक्काने सांगतो. रोज वापरात असलेला कॅमेरा सहसा पावसाने मरत नाही. मरतो तो जपून ठेवलेला. दुबईहून कोणी भावाने आणलेला, बारशाला दोनदा बाहेर काढलेला, मग मऊ कापडात गुंडाळून साड्यांच्या खाली लोखंडी कपाटात गेलेला. गणपतीला काढून बघावं तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले. अशा लेन्सा माझ्या टेबलावर किती येतात म्हणून सांगू! म्हणून बॉडीवर पैसे घालायच्या आधी डब्यावर घाल.

डबा म्हणजे रबरी कडा असलेला, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा साधा डबा. धान्याचा चालेल, पण धुऊन कडकडीत वाळवलेला. दहा लिटरच्या डब्यात एक बॉडी, दोन-तीन लेन्स आणि फ्लॅश आरामात मावतात. त्यात पाव किलो सिलिका जेल घाल. बुटांच्या खोक्यात येतात त्या पांढऱ्या पुड्या नकोत, त्या कधी भिजून निकामी झाल्या ते कळतच नाही. रंग बदलणारे दाणे आण, कॉलेजांच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानांत मिळतात. निळे दाणे ओल शोषली की गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. घरात लहान मूल आहे, तेव्हा नारिंगी घे, ते ओलावले की हिरवट होतात. रंग बदलला की जुन्या कढईत, अगदी मंद आचेवर, हलवत हलवत भाज. साधारण 110-120 अंशाला ओल निघून जाते आणि मूळ रंग परत येतो. आच वाढवलीस तर दाणे तडकतात आणि निकामी होतात. ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही, हे आईलाही सांगून ठेव.

डब्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाक, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आकडा 40 ते 50 च्या दरम्यान हवा. काही जण उत्साहात 20 वर नेतात. तसं सतत ठेवलं तर रबर आणि आतलं वंगण सुकतं. पुढे चार पैसे हातात आले की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घे आणि 45 वर लावून विसरून जा. वीज गेली तर घाबरू नकोस, दार बंद असेल तर आतली हवा बराच वेळ कोरडी राहते.

आता काय ठेवायचं नाही ते. डांबरगोळ्या अजिबात नाहीत. त्यांची वाफ काचेवर बसून धुरकट थर धरते आणि काही प्लास्टिकलाही ती खाते. तांदूळ नाहीत, त्यांची पिठासारखी धूळ उडते. चामड्याचं कव्हर तर आधी बाहेर काढ, चामडं ओल धरतं आणि बुरशीला खायलाही घालतं. तू दाखवलीस ती गुबगुबीत बॅग प्रवासाची आहे. तिच्यातला फोम पावसात बाहेरून कोरडा दिसतो आणि आत दमट असतो. घरी आलं की कॅमेरा बॅगेतून बाहेर, बॅग पंख्याखाली उघडी. आणि डबा जमिनीवर ठेवू नकोस. चिपळूणला 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घरादारांत शिरलं, तेव्हा खालच्या खणातलं आधी गेलं.

बुरशी आहे की नाही ते तपासायला लेन्स काढून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ. धुळीचे चार कण दिसले तर सोडून दे, फोटोत ते उमटत नाहीत. मुळांसारखे फुटवे दिसले तर मात्र थांबू नकोस. बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचं कोटिंग खातं. लवकर नेलंस तर कारागीर उघडून पुसून देतो, उशीर झाला तर पुसल्यावरही नक्षी राहते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी सगळ्या लेन्स बाहेर काढ, झूम फिरव, दहा-वीस फोटो घे. खिडकीतला उजेड लागला तर उत्तमच. गोधड्यांना दाखवतो तसं कडक ऊन मात्र नको, आणि लेन्स सूर्याकडे रोखून तर मुळीच नको.

एसीचं एक सांगायचं राहिलं. मुंबईच्या एसी हॉलमधून किंवा गार गाडीतून दमट हवेत उतरलीस की थंड काचेवर दव धरतं. लोक लगेच रुमाल काढून पुसायला लागतात, पुन्हा धरतं, पुन्हा पुसतात. त्यापेक्षा उतरण्याआधीच कॅमेरा झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद कर आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू दे. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. त्या अर्ध्या तासात लेन्स बदलायची नाही, नाहीतर तेच दव सेन्सरवर.

पुसण्याला क्रम आहे, आणि तो मोडला की काचेवर ओरखडा ठरलेला. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि त्यानंतरही डाग राहिला तरच मायक्रोफायबरचं कापड. लेन्स पुसायचं द्रावण कापडावर एक थेंब, काचेवर थेट कधीच नाही, ते कडेने आत उतरतं. ओढणीचं टोक, टी-शर्ट, खिडक्या पुसायचा स्प्रे, यांतलं काही नको. तोंडाने फुंकर मारायची सवय असेल तर ती आजच सोड, थुंकीचे तुषार धुळीपेक्षा वाईट.

सेन्सरवर धूळ आहे का हे पाहायला एफ/16 वर पांढरी भिंत किंवा आभाळ फोकसबाहेर ठेवून टिप आणि फोटो मोठा करून बघ. काळपट ठिपके दिसले तर धूळ. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो, कारण लेन्स चित्र उलटं पाडते. कॅमेरा तोंड खाली करून धर, ब्लोअरचं टोक आत न घालता दोन-चार फुंकर मार, बहुतेक वेळा एवढ्यात निभतं. माझ्या जुन्या डीएसएलआरमध्ये त्या वेळी आरसा वर उचलून धरावा लागतो, म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली हवी, मधेच संपली तर आरसा खाली येतो. तुझ्या मिररलेसमध्ये आरसाच नाही. पण म्हणूनच लेन्स काढली की सेन्सर उघड्यावर पडतो. बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली, आणि दुसरी लेन्स आधीच हाताशी.

जेजुरीला सोमवतीला जायचं म्हणतेस, चांगलं आहे. भंडारा उधळलेला पाहायला आणि टिपायला त्यासारखा दिवस नाही. पण हळदीची ती पूड कुठेही शिरते. तुझी 18-55 झूम करताना लांब होते, म्हणजे दर वेळी ती बाहेरची हवा आत ओढते, आणि हवेबरोबर भंडारा. तिथे लांबी न बदलणारी 35 किंवा 50 ची लेन्स लाव आणि गड उतरेपर्यंत काढू नकोस. पुढे साधा फिल्टर बसव. लेन्सवर शून्याला तिरकी काट मारल्यासारखं चिन्ह आणि त्यापुढे आकडा असतो, 52, 58, 67 असा, तेवढ्या मापाचा घे. एरवी मी फिल्टरचा भोक्ता नाही, स्वस्त काच लावून महागडी लेन्स मंद करण्यात काय अर्थ? पण भंडारा, ज्योतिबाचा गुलाल आणि समुद्राचे तुषार, इथे तो हवाच. कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी चढवून हूडपाशी रबरबँड लाव. खाली उतरल्यावर आधी ब्लोअर. ओलं फडकं लावलंस तर हळदीचा लेप होतो आणि तो खाचांमधून निघता निघत नाही.

समुद्राचं मात्र उलट. भाट्याच्या किनाऱ्यावरून आलीस की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसायची, कोरड्याने मीठ नुसतं पसरतं. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुऊन उघडेच वाळव.

मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर लेझर असतील तर कॅमेरा त्यांच्याकडे वळवू नकोस. किरण क्षणभर सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर रंगीत रेघ कायमची उमटू शकते, आणि सेन्सर बदलायचा खर्च ऐकून माणूस नवाच कॅमेरा बघायला लागतो.

कार्डाविषयी. 256 चं एक घेण्यापेक्षा 64 ची दोन-तीन घे, एक बिघडलं तर सगळा सोहळा जात नाही. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. व्हिडिओला कामाचा तो छोटा व्ही30, म्हणजे सेकंदाला किमान 30 मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत, म्हणून नवीन कार्ड आणलं की संगणकावर ते पूर्ण भरून परत वाचून पाहणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर चालव. मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट कर, संगणकात नाही. लाल दिवा लुकलुकतोय तोवर कार्डाचं दार उघडायचं नाही. चुकून फोटो उडाले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो घेऊ नकोस, काढून बाजूला ठेव. वर काही लिहिलं गेलं नसेल तर बहुतेक सगळं परत मिळतं. आणि दोन ठिकाणी प्रती झाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. त्यांतली एक प्रत पुण्याला मावशीकडे राहू दे.

बॅटऱ्या लिथियमच्या. महिनाभर वापरायची नसेल तर निम्मी भरून, कॅमेऱ्यातून काढून गार जागी ठेव. फुगलेली दिसली तर तिला पुन्हा चार्जर दाखवू नकोस. विमानाने जाशील तेव्हा सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांवर टोपणं लावून. फ्लॅशला पुन्हा भरता येणारे एए सेल घे, चारचा संच एकत्र वापरायचा, एकत्र भरायचा. साधे अल्कलाइन सेल फ्लॅशमध्ये ठेवून विसरलीस तर पाझरून आतले पत्रे खातात.

आणि माझ्या कपाटातला तो जुना मोठा फ्लॅश तुला हवाय, ठाऊक आहे मला. नेऊ नकोस. रोलच्या जमान्यातल्या काही फ्लॅशच्या टोकांवर 200 व्होल्टच्या वर दाब असतो. तेव्हाच्या कॅमेऱ्यात नुसते दोन पत्रे एकमेकांना टेकायचे, त्यांना काही होत नसे. आताचं सर्किट तेवढं सोसेलच असं नाही.

दुसरी लेन्स जुनी घ्यायची म्हणतेस, घे की. फोर्टात बोरा बाजारात जा, पण टॉर्च घेऊन. पावसाळ्यानंतर विकायला निघालेली लेन्स जास्त निरखून बघ. बॉडी जुनी घेणार असशील तर शटर किती वेळा चाललंय ते विचार. साधारण बॉडीचं शटर लाख-दीड लाखाला धरलेलं असतं, त्यातलं किती उरलंय त्यावर भाव ठरव. बिलावरचा आणि बॉडीखालचा नंबर जुळतो का पाहा, आणि तो नंबर फोनमध्ये टिपून ठेव. चोरी झाली तर चौकीत पहिला तोच विचारतात.

शेवटचं. कॅमेरा बरेच दिवस बॅटरीशिवाय राहिला की त्यातलं घड्याळ मागे पडतं किंवा थेट पहिल्या तारखेवर जाऊन बसतं. आपण दोघं एकाच लग्नाला उभं राहणार आहोत, तेव्हा हॉलवर पोचल्या पोचल्या तुझं आणि माझं घड्याळ सेकंदापर्यंत जुळवून घे. नाहीतर संगणकात वेळेप्रमाणे फोटो लावले की अंतरपाट धरायच्या आधीच नवरा-नवरीच्या गळ्यात हार दिसतात, आणि मग पोरीचा बाप आपल्याला धरतो.