पहिले संकेतस्थळ : अल्प खर्चात, संस्थेच्या नावे

३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, म्हणूनच वसतिगृहातील विद्यार्थीही आज संकेतस्थळ उभारू शकतो.

नोटपॅडमध्ये मजकुराला एचटीएमएलच्या खुणा जोडून ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ ही फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जतन करावी. अन्यथा मराठीऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात! गिटहब पेजेसवर १ जीबीपर्यंतचे संकेतस्थळ विनाशुल्क राहते.

डोमेन नावाचे शुल्क मात्र दरवर्षी भरावे लागते. ते संस्थेच्याच नावे, संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे. आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचे डोमेन आणि होस्टिंग दोन्ही एका व्यावसायिकाच्या नावे होते. त्याने नूतनीकरण केले नाही आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकांची कित्येक वर्षांची छायाचित्रे गेली. आता प्रत्येकाची एक प्रत कार्यालयातील पेनड्राइव्हवरही असते.