फायलींत पडून राहिलेली नावं

औषध कंपनीच्या जेवणाने डॉक्टरची चिठ्ठी बदलत नाही, हे इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता संताप येतो. ज्यांच्याकडे पुरावा होता, त्यांनीच तो दाबून ठेवला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १९९३ मध्येच औषध कंपन्यांच्या भेटवस्तूंवर डॉक्टरमागे वर्षाला ५० डॉलरची मर्यादा घातली आणि मानधनाचा हिशेब मागितला. हिशेब आले आणि खोक्यांत पडून राहिले. २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते तपासले. नवी अँटिसायकॉटिक औषधं बनवणाऱ्या कंपन्यांकडून ५,००० डॉलर वा जास्त घेतलेले मनोविकारतज्ज्ञ मुलांना ती औषधं इतरांच्या तिप्पट लिहून देत होते. व्हरमाँट राज्याने अशा रकमा जाहीर करण्याची सक्ती केली, पण ‘व्यापारी गुपित’ म्हणायची पळवाटही ठेवली. ६१ टक्के रकमा लोकांसमोर आल्याच नाहीत. जे जाहीर झालं, त्यातल्याही तीन-चतुर्थांश नोंदींत पैसे कुणाला गेले ते कळत नव्हतं. याला मी जाहीर करणं म्हणत नाही.

यावर म्हणतात, आधीपासून ते औषध लिहिणाऱ्यांनाच कंपनी गाठते, त्यामुळे पैशाने चिठ्ठी बदलली असं सिद्ध होत नाही. खरं आहे, निव्वळ संबंधावरून कारण ठरत नाही. पण २० डॉलरच्या आतल्या एका जेवणाचाही ब्रँडेड औषध जास्त लिहिण्याशी संबंध २०१६ च्या अभ्यासात दिसला. काहीच फरक पडत नसेल, तर कंपन्या वर्षानुवर्षं ही बिलं का भरतात? कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या परिषदांतून ज्ञान मिळतं म्हणणाऱ्यांनी खर्च नावानिशी दाखवावा, माझी हरकत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी ‘ओपन पेमेंट्स’ या, कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या पैशांच्या सरकारी यादीत आपल्या डॉक्टरचं नाव घालून पाहावं, २०१० च्या केंद्रीय कायद्यामुळे ही यादी सप्टेंबर २०१४ पासून सर्वांना खुली आहे. नुसता एकूण आकडा बघू नका. संशोधनाची रक्कम बाजूला ठेवा. व्याख्यान, सल्ला, खाणंपिणं हे रकाने उघडा, पुढे कोणत्या औषधाचं नाव आहे ते वाचा आणि आपल्या चिठ्ठीशी ताडून बघा. जुळलं तर स्वस्त जेनेरिक चालेल का, हे स्पष्ट विचारा. औषध मात्र परस्पर बंद करू नका. भारतात मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू देण्याला मनाई केली, पण डॉक्टरचं नाव घालून शोधता येईल अशी यादी रुग्णाच्या हाती दिली नाही. ती मागा, आपल्या खासदाराकडे लेखी मागा.