प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली, तरी संघ मोडला का नाही?

प्रश्न : अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने बॉब नाइट या नामवंत बास्केटबॉल प्रशिक्षकाला, एका विद्यार्थ्याने नुसत्या आडनावाने हाक मारल्यावरून झालेल्या वादात काढून टाकले, असे वाचनात आले. पण दीडच वर्षात तोच संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला! आमच्याकडे वस्ताद तालीम सोडून गेला की पोरे पांगतात. तिथे उलटे कसे झाले? प्रशिक्षकाचे महत्त्व आपण उगीच वाढवून सांगतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाइट यांना का काढले आणि संघ का टिकला, असे दोन प्रश्न तुम्ही एकत्र विचारले आहेत. पहिला आधी सोडवू, कारण त्याबद्दलच गैरसमज जास्त आहेत.

नाइट 1971 साली इंडियानात आले आणि 29 हंगाम तिथे राहिले. 1976, 1981 आणि 1987 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांनी मिळवून दिली. त्यातल्या 1976 च्या संघाने 32 पैकी 32 सामने जिंकले. सगळ्या हंगामात एकही सामना न हरता विजेता होणे त्यानंतर पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाला जमलेले नाही. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षकही तेच. खेळाडूने वर्गात बसावे, पदवी घ्यावी, याबद्दल त्यांचा आग्रह कडक होता. विद्यापीठाचा संघ म्हटले की आपल्याला जिमखान्याचे मैदान आणि शे-दोनशे प्रेक्षक आठवतात. इंडियानाच्या ब्लूमिंग्टन गावातल्या सभागृहात मात्र सुमारे 17 हजार माणसे बसतात. तिथे नाइट यांचा शब्द कुलगुरूंच्या शब्दापेक्षा वजनदार होता.

हेच पुढे अंगाशी आले. 1985 साली एका सामन्यात पंचांवर चिडून त्यांनी मैदानावर खुर्ची भिरकावली, तरी नोकरीला धक्का लागला नाही. मार्च 2000 मध्ये त्यांच्या एका माजी खेळाडूने जाहीरपणे सांगितले की 1997 च्या एका सरावात नाइट यांनी आपला गळा धरला होता. महिन्याभरात त्या सरावाचे चित्रीकरणच दूरचित्रवाणीवर दिसले. मे महिन्यात विद्यापीठाचे अध्यक्ष (आपल्याकडचे कुलगुरू म्हणा) माइल्स ब्रँड यांनी तीन सामन्यांची बंदी, 30 हजार डॉलरचा दंड आणि एक स्पष्ट अट घातली : यापुढे असे वर्तन अजिबात खपवून घेतले जाणार नाही.

सप्टेंबरमध्ये ती हाक आली. नाइट यांनी आपला दंड धरून दरडावले, असे त्या विद्यार्थ्याचे म्हणणे. आपण फक्त शिष्टाचाराचे दोन शब्द सांगितले, असे नाइट यांचे. 10 सप्टेंबर 2000 रोजी ब्रँड यांनी हकालपट्टी जाहीर केली तेव्हा कारण म्हणून ही एकच घटना पुढे केली नव्हती. मे महिन्यानंतरही उद्धट आणि बेपर्वा वागणे चालूच राहिले, असा त्यांचा मुद्दा होता. त्यामुळे ‘एका हाकेपायी नोकरी गेली’ हे म्हणणे अपुरे आहे.

संघ हरत होता म्हणून काढले, हेही खरे नाही. 1986 पासून एकही वर्ष न चुकता संघ राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरत होता. मात्र 1994 नंतर तो तिथे दुसऱ्या फेरीपुढे गेला नव्हता, हे पुढच्या उत्तरासाठी लक्षात ठेवा.

आता संघाकडे वळू. बातमी कळताच हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, अध्यक्षांच्या घरावर चालून गेले. खेळाडूही चिडले होते. पण सराव ऑक्टोबरच्या मध्यावर आणि सामने नोव्हेंबरात सुरू होणार होते. देशभर शोधून नवा प्रशिक्षक आणायला वेळ नव्हता. खेळाडूंनी सांगितले की बाहेरचा माणूस आणलात तर आम्ही जाऊ, नाइट यांच्या सहाय्यकांपैकीच कोणाला तरी नेमा. विद्यापीठाने ऐकले. 1997 पासून सहाय्यक असलेले माइक डेव्हिस हंगामी प्रशिक्षक झाले.

खेळाडूंचे निघून जाणेही सोपे नव्हते. त्या काळच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या बास्केटबॉलपटूला एक वर्ष सामन्यांविना बसावे लागे. विशीतल्या खेळाडूसाठी हे वर्ष फार मोलाचे. शिवाय शिष्यवृत्ती, वसतिगृह, सामन्यांचे वेळापत्रक, सगळे विद्यापीठाच्या नावाने होते, नाइट यांच्या नाही. तुमच्या वस्तादाच्या उदाहरणात आणि इथे फरक पडतो तो एवढाच. तालमीत पोरे वस्तादाच्या नावावर येतात. इथे माणूस गेला, पण चौकट आणि त्या चौकटीतली ओळखीची माणसे जागेवर राहिली.

म्हणून सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पहिल्या हंगामात 21 विजय आणि 13 पराभव झाले. जानेवारी 2001 मध्ये अव्वल क्रमांकाच्या मिशिगन स्टेटला शेवटच्या क्षणी कर्क हॅस्टनच्या तीन गुणांच्या बास्केटने 59-58 असे हरवले, पण राष्ट्रीय स्पर्धेत केंट स्टेटने पहिल्याच फेरीत घरी पाठवले. प्रत्येक पराभवानंतर लोकांना नाइट आठवत आणि त्याचा भार डेव्हिस यांच्यावर पडे. याआधी कोणत्याही अमेरिकन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक नसलेल्या या माणसाने तो सोसला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मार्चमध्ये त्यांना कायम केले गेले.

दुसऱ्या हंगामात हॅस्टन व्यावसायिक खेळात गेला होता, तरी संघाने आपल्या विभागाचे म्हणजे बिग टेनचे विजेतेपद इतर तीन संघांबरोबर वाटून घेतले. मग राष्ट्रीय स्पर्धेत 21 मार्च 2002 रोजी गाठ पडली गतविजेत्या ड्यूक विद्यापीठाशी. पूर्वार्धात इंडियाना 17 गुणांनी मागे होता. तिथून सावरत त्याने चार गुणांची आघाडी घेतली, आणि शेवटच्या काही सेकंदांत डेन फाइफने तीन गुणांचा बास्केट मारणाऱ्या ड्यूकच्या जेसन विल्यम्सला धक्का दिला. बास्केट झाला, वर एक फ्री थ्रो मिळाला. तो गेला असता तर बरोबरी! विल्यम्सचा फ्री थ्रो हुकला, परत आलेला चेंडूही ड्यूकला आत टाकता आला नाही, आणि इंडियाना 74-73 असा जिंकला. पुढच्या सामन्यात केंट स्टेटविरुद्ध तीन गुणांचे 19 पैकी 15 प्रयत्न यशस्वी झाले. उपांत्य फेरीत ओक्लाहोमा हरला. 1 एप्रिलला अटलांटातल्या अंतिम सामन्यात मेरीलँडने इंडियानाला 64-52 असे थांबवले.

मग हा संघ नाइट यांचा की डेव्हिस यांचा? फाइफ, टॉम कव्हरडेल, जॅरेड जेफ्रीज हे सगळे नाइट यांनीच निवडलेले. बचावाची शिस्त त्यांची. पण लांबून बेधडक नेम धरण्याची मोकळीक डेव्हिस यांनी दिली, आणि 1994 नंतर जी दुसरी फेरी संघाला ओलांडता आली नव्हती ती ओलांडली. तेव्हा प्रशिक्षकाचे महत्त्व आपण वाढवून सांगत नाही. ते एकाच माणसात असते असे मात्र धरून चालतो.

गावाला सावरायला संघापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला. डेव्हिस यांना नाइट यांच्याशी होणाऱ्या तुलनेतून सुटका मिळाली नाही; 2006 मध्ये ते पायउतार झाले. नाइट टेक्सास टेकमध्ये गेले आणि 2008 मध्ये 902 विजयांसह निवृत्त झाले. इंडियानाच्या सभागृहात ते पुन्हा आले ते फेब्रुवारी 2020 मध्ये, जवळजवळ वीस वर्षांनी. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.

काही जण 2002 च्या यशाकडे बोट दाखवून हकालपट्टी योग्य ठरवतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. तो संघ सगळे सामने हरला असता तरी निर्णय योग्यच होता, कारण खेळाडूच्या गळ्याला हात घालणे कितीही विजेतेपदांच्या बदल्यात चालवून घेता येत नाही. विद्यापीठाचा दोष एवढाच की त्याने फार उशीर केला.

आणि एक गोष्ट. 2021 पासून अमेरिकेत नियम सैल झाले आहेत. आता खेळाडूला एक वर्ष न बसता दुसऱ्या विद्यापीठातून लगेच खेळता येते, आणि प्रशिक्षक बदलला तर त्या संघातल्या खेळाडूंना जाण्यासाठी खास मुदतही मिळते. त्यामुळे आज असा प्रसंग आला, तर खेळाडूंना धरून ठेवणारे इंडियानाच्या वेळचे सर्वात मोठे बंधन विद्यापीठाच्या हाती नसेल.